केरबा जाधवाची उमेदवारी

केरबा जाधव शिकाऊ उमेदवाराच्या परीक्षेत नापास झाला, तेव्हा त्याच्या लाइनमनच्या नोकरीला एकवीस वर्षं पुरी झाली होती.

पण असं काही घडल्याची नोंद कुठल्याही दप्तरात सापडत नाही. आणि जे दप्तरात नाही ते घडलेलंच नसतं, या एका श्रद्धेवर तर सगळ्या कचेऱ्या चालतात. तेव्हा आपणही ते घडलं नाही असं धरून चालू आणि चौऱ्याहत्तर सालच्या फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी, सकाळी सात वाजता, चिंचदऱ्याच्या पिठाच्या गिरणीपाशी जाऊन उभे राहू.

गिरणी बंद होती. गिरणीसमोरच्या खांबावरचा तारेचा जोड रात्रीतून जळून तुटला होता. गिरणीची मालकीण राहीबाई दारात उभी होती, तिच्यामागं जोंधळ्याचे नऊ डबे रांगेत उभे होते, आणि समोर एका पालथ्या घमेल्यावर केरबा जाधव बसला होता. तो वर बघून विचार करत होता. त्याच्याशेजारी सयाजी नलवडे उभा होता. तो केरबाकडं बघून विचार करत होता.

"नाना, आज माझी परीक्षा हाय," सयाजी म्हणाला.

"ठाऊक हाय की."

"बारा वाजता सांगलीचा साहेब येणार. दोन वर्साची उमेदवारी आज संपतीया. पास झालो तर लाइनमन, न्हाई तर आबा मला साताऱ्याला भरतीला न्हेणार. चार पिढ्या पलटणीत हायत, पाचवी खांबावर का चढतीया, म्हनून ते आदीच डोस्क्यात राख घालून बसल्यात."

"मग चढ की बिगीनं," केरबा म्हणाला. "साहेब यायच्या आत गिरणी चालू पायजे. बंद गिरणी बघून साहेबाचं डोकं फिरलं, तर तुला कशाचे मार्क द्यायचा?"

यात तथ्य होतं. केरबाच्या बोलण्यात नेहमीच तथ्य असे. हालचाल मात्र नसे. बावन्न वर्षांच्या केरबाचा डावा गुडघा दुखे आणि पोट त्याच्या पुढं पाऊणएक हात चाले. गेल्या सहा वर्षांत तो खांबावर चढला नव्हता. खांबाखाली बसून खांबावरचं काम करण्याची एक विद्या त्यानं कमावली होती. "आता डाव्या अंगाची तार. आता पक्कड. आता नाक खाजवू नगंस," असं तो खालून सांगत जाई आणि वर चढलेला उमेदवार तसं करत जाई. या विद्येत तो इतका वाकबगार होता, की त्याच्या हाताखालून निघालेली पोरं पार जिल्ह्याच्या टोकापर्यंत खांबांवर होती, आणि त्यांतल्या एकालाही आजवर साधा चटका बसला नव्हता.

पण वर चढायचं तर आधी तार मेलेली पाहिजे. त्यासाठी दोन मैलांवरच्या पळसमाळच्या सबस्टेशनात जाऊन 'लाइन क्लिअर' घ्यावी लागे. म्हणजे लाइनमननं तिथल्या वहीत सही करायची, ऑपरेटरनं खटका पाडून तार बंद करायची, आणि काम झालं की ज्यानं सही केली त्यानंच परत जाऊन लाइन परत केल्याची सही द्यायची. मगच खटका पुन्हा वर. दुसऱ्या कुणी सांगून वर नाही, फोनवर सांगून तर नाहीच. वर कुणी माणूस तारेला धरून बसलेला असेल, तर त्याच्या जिवाची जामीन ती एक सही. नियम सोन्यासारखा होता.

शिकाऊ उमेदवाराला मात्र ही सही करायचा अधिकार नव्हता. अधिकार केरबाला होता आणि गुडघाही केरबालाच होता. यावर तोडगा म्हणून दीड वर्षं सयाजीच सायकलीवर जाई आणि केरबाच्या नावानं सही ठोकून येई. सबस्टेशनचा ऑपरेटर बिराप्पा गावचाच होता. तो सही बघून म्हणे, "आज नानांचं अक्षर लय वळणदार आलंय," आणि खटका पाडे.

त्या मंगळवारीही सयाजी गेला. फक्त बिराप्पाची सोमवारीच बदली झाली होती, एवढी एक गोष्ट त्याला ठाऊक नव्हती.

खुर्चीवर मिरजेकडून आलेला आप्पासो मगदूम नावाचा गृहस्थ बसला होता. त्यानं टेबलावरचा कागद न् कागद काटकोनात लावून ठेवला होता. त्यानं विचारलं, "नाव?"

सयाजी थबकला. पण दीड वर्षाची सवय तोंडात बसलेली. "केरबा जाधव."

"हुद्दा?"

"लाइनमन."

आप्पासोनं त्याला पायांपासून डोक्यापर्यंत नीट बघून घेतलं. "मी माणूस एकदा बघितला की विसरत नाही बघ. तू घेतलीस, तूच परत करायची. तुझा बाप आला तरी खटका वर जाणार नाही. काय?"

"व्हय," म्हणून सयाजीनं वळणदार सही केली.

साडेनऊपर्यंत काम झालं. जोड बांधला, तारा ताणल्या, केरबानं खालून पसंतीची मान हलवली. आता सयाजी सायकलीवर टांग टाकणार, एवढ्यात चावडीच्या वळणावर धुरळा उठला आणि धुरळ्यातून जीप आली. बारा वाजता यायचा तो साहेब पावणेदहालाच आला. जीप कचेरीपुढं उभी राहिली.

"मेलो," सयाजी म्हणाला.

"मरायचं काय त्यात? तू कचेरीत जा," केरबा म्हणाला. "परीक्षा तुझी, आन् तू हजर नसलास तर गैरहजर म्हनून फुली मारतील. साहेबाला चा पाज. लाइन माझ्या नावावर हाय, तवा मी जातो आन् परत करतो. त्यात काय?"

यातही तथ्य होतं. लाइन केरबा जाधवानं घेतली होती, केरबा जाधवच परत करायला निघाला होता. नियमाला धरून इतकं शुद्ध काम त्याच्या हातून गेल्या सहा वर्षांत झालं नव्हतं. दूधवाल्याच्या सायकलीवर किटल्यांच्या मधोमध बसून तो पळसमाळकडं रवाना झाला.

"लाइन परत करायची हाय," सबस्टेशनात शिरत तो आप्पासोला म्हणाला. "केरबा जाधव."

आप्पासोनं वही उघडली, केरबाकडं बघितलं, वही मिटली. "केरबा जाधव सकाळी येऊन गेला की."

"त्योच मी."

"तो बारीक होता."

आता केरबापुढं पेच आला. सकाळचा तो माझा उमेदवार, असं म्हणावं तर खोट्या सहीबद्दल उमेदवार घरी आणि खोटी सही करवल्याबद्दल आपण घरी. तो म्हणाला, "सकाळी उपाशीपोटी हुतो."

आप्पासो हसला नाही. "ओळखपत्र हाय?"

ओळखपत्र होतं. केरबानं ते कनवटीचं काढून मोठ्या विश्वासानं टेबलावर ठेवलं. त्यावर त्रेपन्न साली काढलेला फोटो होता. त्या साली केरबा एकतीस वर्षांचा होता, पोट नव्हतं, गालफडं बसलेली होती, मिशी नुकती तासून कोरल्यासारखी होती. आप्पासोनं फोटो उजेडात धरला. मग केरबाकडं बघितलं. मग पुन्हा फोटोकडं.

"हा सकाळचा गडी," तो म्हणाला. "हाच. मी माणूस विसरत नाही. बिचाऱ्याचं ओळखपत्र तू कुठं मारलंस, बोल की. उसाला पाणी द्यायचं म्हणून लाइन सोडवून घ्यायला आलास काय? तो पोरगा तिकडं खांबावर असंल, मी खटका वर केला म्हणजे त्याचं कोळसं हुईल, कळतंय काय?"

केरबाच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी राहिलं. त्याच्या जिवाची इतकी काळजी एकवीस वर्षांत कुणी घेतली नव्हती, आणि घेणारा त्याला चोर समजत होता. आप्पासोनं त्याला स्टुलावर बसवलं, दाराला कडी घातली आणि फोनचं हँडल फिरवलं.

चिंचदऱ्याच्या कचेरीत फोन वाजला तेव्हा धामणकर साहेब बशीतला चहा फुंकत होते. साहेब सांगलीच्या विश्रामबागेहून आले होते. अंगानं किरकोळ, डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा, बोलणं हळू. सयाजीनं चहा दिला होता, त्यांनी घेतला होता. चहा देणाऱ्याचं नाव विचारायचं काही कारण पडलं नव्हतं.

साहेबांनी फोन ऐकला. "लठ्ठ? केरबा जाधव म्हणतो? ओळखपत्र चोरलं? बसवून ठेवा, मी येतो." मग फोन ठेवून ते सयाजीला म्हणाले, "तू चल रे. तुम्हा लोकांना इथली माणसं माहीत असतात."

जीपमध्ये सयाजीनं दोन मैलांत सात वेळा तोंड उघडलं आणि सात वेळा मिटलं. खरं काय ते सांगावं, तर नाना निलंबित. न सांगावं, तर काय सांगावं ते सुचेना.

सुचायची गरजही पडली नाही. सबस्टेशनच्या दारात जीप थांबताच आप्पासो धावत आला आणि त्याचा चेहरा उजळला. "आला की. साहेब, हा बघा केरबा जाधव. सकाळी ह्यानंच लाइन घेतली." मग सयाजीचा दंड दाबून म्हणाला, "जित्ता हायस नव्हं? लय घोर लागला होता बघ."

साहेबांनी सयाजीकडं बघितलं. "तुम्ही केरबा जाधव?"

सयाजीनं कडी काढलेल्या दारातून आत बघितलं. स्टुलावर केरबा बसला होता. तो डोळ्यांनी काहीतरी सांगत होता. खांबाखालून सांगायची त्याला सवय होती, स्टुलावरून सांगायची नव्हती. त्यामुळं नीट कळलं नाही. सयाजी म्हणाला, "व्हय साहेब."

"मग हा कोण?"

केरबा उठून उभा राहिला, त्यानं हात जोडले आणि शांतपणे म्हणाला, "मी सयाजी नलवडे. शिकाऊ उमेदवार. उस्तादांनी ओळखपत्र सांबाळाय दिलं हुतं."

"आणि तू केरबा जाधव आहेस असं का सांगितलंस?"

"लाइन परत द्यायची हुती. उस्तादांचं गुडघं दुखत्यात."

साहेबांनी सयाजीच्या गुडघ्यांकडं बघितलं. सयाजीनं तत्परतेनं डावा गुडघा धरला.

आधी वहीत सही झाली. केरबा जाधव म्हणून सयाजीनं घेतलेली लाइन केरबा जाधव म्हणून सयाजीनंच परत केली, आणि आप्पासोनं समाधानानं खटका वर केला. दोन मैलांवर राहीबाईची गिरणी चालू झाली. एकूण कारभार नियमाप्रमाणं पार पडला. चुकीची होती ती फक्त माणसं.

"बरं झालं," साहेब घड्याळाकडं बघत म्हणाले. "मला दुपारी औंधला पोचायचं आहे. नलवडे इथंच आहेत, उस्ताद इथंच आहेत, आवारात सरावाचा खांब आहे. परीक्षा इथंच उरकू."

सयाजीच्या पोटात गोळा आला. केरबाच्या पोटातही आला असेल, पण तिथं तो दिसण्यासारखा नव्हता.

साहेबांनी पिशवीतून अर्ज काढला. त्यावर सयाजीचा फोटो होता. तो सांगलीच्या एका स्टुडिओत काढलेला होता, आणि हा पोरगा फार वाळलेला दिसतो म्हणून फोटोवाल्यानं पदरच्या शाईनं त्याचे दोन्ही गाल भरून दिले होते. साहेबांनी चष्मा कपाळावर घेऊन फोटो बघितला, केरबा बघितला.

"वय वीस?" साहेबांनी विचारलं.

"ईस," केरबा म्हणाला. "उनातलं काम हाय, साहेब."

साहेबांनी मान हलवली आणि पहिला प्रश्न घातला. "खांबावर चढण्यापूर्वी प्रथम काय कराल?"

पुस्तकातलं उत्तर सयाजीला झोपेत येत होतं. तार बंद झाल्याची खात्री करावी, तारा जमिनीशी जोडाव्यात, कमरेचा पट्टा तपासावा. केरबाला मात्र पुस्तक ठाऊक नव्हतं, कारण तो कामाला लागला तेव्हा पुस्तक आलं नव्हतं. त्यानं प्रामाणिकपणे विचार केला आणि गेली सहा वर्षं आपण प्रथम काय करतो ते सांगितलं.

"पोराला हाक मारावी."

"कुठल्या पोराला?"

"आसंल त्या."

साहेबांनी काहीतरी लिहिलं. सयाजी पुढं सरकून म्हणाला, "साहेब, पोरगं हुशार हाय. लाजतंय जरा."

"जाधव, तुम्ही मध्ये बोलू नका. नलवडे, तारेत वीज आहे की नाही हे कसं ओळखाल?"

"राहीबाईला इचारावं," केरबा म्हणाला.

"कोण राहीबाई?"

"गिरणीवाली. गिरणी चालू आसली तर हाय, बंद आसली तर न्हाई. आन् ती शिव्या द्याय लागली तर समजावं, एकाच तारंत हाय."

हे उत्तर खरं सांगायचं तर चिंचदऱ्यापुरतं अचूक होतं. साहेबांनी पुन्हा लिहिलं. सयाजीला त्या पेनाचा आवाज आपल्या काळजावर ओढल्यासारखा वाटला. दोन वर्षं त्यानं ऊन बघितलं नव्हतं, पाऊस बघितला नव्हता; दिव्याखाली पुस्तक पाठ केलं होतं. आणि आता तो पुरा शहाणासुरता, सगळी उत्तरं ओठांवर घेऊन, आपल्या डोळ्यांदेखत नापास होत होता.

"विजेचा धक्का बसलेल्या माणसाला काय कराल?"

"वाळल्या लाकडानं तारंपासनं बाजूला सारावं," केरबा म्हणाला.

साहेबांनी मान वर केली. सयाजीनंही केली. बरोबर उत्तर होतं.

"मग?"

"मग दोन कचकचून शिव्या द्याव्यात. उठतोय."

साहेबांनी अर्धा मार्क दिला.

मग प्रात्यक्षिक आलं. केरबानं धोतराचा काचा मारला, खांबाला नमस्कार केला आणि कमरेला पट्टा बांधायला घेतला. पट्ट्याची दोन टोकं एकमेकांपासून चांगली वीतभर लांब राहिली. आप्पासोनं मागून जोर लावला, सयाजीनं पुढून लावला, पण पट्टा सरकारी होता, तो काही वाढला नाही. शेवटी पट्ट्यावाचूनच साहेबांनी तीन फुटांपुरती परवानगी दिली. केरबानं खांबाला मिठी मारली. म्हणजे त्याच्या पोटानं मारली. हात मागं राहिले. सहा वर्षांनी तो जमिनीपासून सुटला. दोन फूट वर गेला आणि तिथं थांबला. ना वर, ना खाली.

"नलवडे, काय झालं?"

"काय न्हाई, साहेब. बघतोय. हितनं लय लांबवर दिसतंय."

नेमकं त्याच घडीला फाटकातून एक सायकल आत आली. सायकलीवर ताठ पाठीचा, पांढऱ्या गलमिशांचा माणूस होता. तो उतरला, त्यानं सायकल स्टँडला लावली आणि साहेबांपुढं टाच जुळवली.

"रिटायर हवालदार मानसिंग नलवडे. चिंचदऱ्यात गेलो, परीक्षा हिकडं हाय म्हनून कळलं. निकाल ऐकाय आलोय, सर."

सयाजीनं डोळे मिटले. मानसिंग उभ्या जन्मात खोटं बोलला नव्हता. बायकोच्या स्वयंपाकाबद्दलसुद्धा नाही.

"या, या," साहेब म्हणाले. "वेळेवर आलात. तो बघा तुमचा मुलगा." आणि त्यांनी खांबाकडं बोट केलं.

मानसिंगनं खांबाला चिकटलेल्या केरबाकडं बघितलं. केरबा त्याच्याहून दोन वर्षांनी मोठा होता आणि दर अमावास्येला दोघं एकाच पारावर सुपारी कातरत बसत. मग त्यानं बाजूला उभ्या असलेल्या सयाजीकडं बघितलं. सयाजीनं डोळ्यांनीच हात जोडले. मानसिंगच्या गलमिशा एकदा थरथरल्या. सतरा वर्षं पलटणीत काढलेल्या माणसाला एक गोष्ट मात्र पक्की ठाऊक होती. साहेबानं टेकडीला नदी म्हटलं, तर आपण पोहायला लागायचं.

"यस सर," तो म्हणाला. "माझाच हाय."

"घरी काय खाऊ घालता याला?"

"दूध, सर." मग तो खांबाजवळ जाऊन, खोटं बोलल्याचा सगळा राग आवाजात घालून म्हणाला, "सयाजी, उतर खाली, लेका. घराण्याचं नाव घालवलंस."

"व्हय आबा," केरबा वरून म्हणाला आणि एकदाचा घसरून खाली बसला.

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. मग काय वाटलं कुणास ठाऊक, ते सयाजीकडं वळले. "जाधव, तुम्ही बावन्न वर्षांचे. गुडघा दुखतो. तरी या तरुण मुलाला एकदा दाखवा, खांबावर कसं चढतात ते. वरचा इन्सुलेटर बांधून खाली या."

सयाजीनं पट्टा आवळला. तार बंद असल्याची खात्री करून घेतली, जमिनीची जोडणी तपासली, आणि निघाला. तो चढला असं म्हणायचं फक्त. खारीनं बघितलं असतं तर तिनं धंदा बदलला असता. वर पोचून त्यानं पट्टा फिरवला, दोन्ही हात मोकळे केले, चिनी मातीच्या त्या इन्सुलेटरला तार बांधली, आठ वेढे, एकावर एक, आणि कुणाला कळायच्या आत खाली येऊन उभा राहिला. आप्पासो तोंडात बोट घालून म्हणाला, "आणि म्हणं गुडघं दुखतंय की."

मानसिंगनं पोराला खांबावर आजवर बघितलं नव्हतं. बघायला यायचंच नाही अशी त्याची प्रतिज्ञा होती. त्याची छाती आपोआप पुढं आली, मग हा आपला पोरगा नाही हे ध्यानात येऊन ती मागं गेली. तो घसा खाकरून साहेबांना म्हणाला, "ह्या केरबाचा बाप लय नशीबवान आसला पायजे, सर."

"आपणही धीर सोडू नका," साहेब केरबाकडं बघून म्हणाले. जीपमध्ये बसता बसता त्यांनी दोन कागद नीट घडी करून खिशात ठेवले आणि औंधच्या वाटेला लागले.

घरी जाताना मानसिंग सायकल हातात धरून चालत होता आणि सयाजी मागून. ओढ्यापाशी आल्यावर मानसिंग म्हणाला, "नापास झालास ते बघितलं."

"व्हय आबा."

"चढलास ते बी बघितलं." आणखी थोडं चालून तो म्हणाला, "साताऱ्याला ह्या साली जायचं ऱ्हाऊ दे. पलटनीत तसं काम करनारा मी एकच बघितला, आन् त्यो बी दोर बांधून चढायचा."

सयाजीला वाटलं, प्रकरण इथंच मिटलं. आठव्या दिवशी कचेरीत दोन लखोटे आले.

पहिला सयाजी नलवडे यांच्या नावचा होता. 'उमेदवार अनुत्तीर्ण. उमेदवारीस सहा महिने मुदतवाढ. पुढील परीक्षेस येताना उमेदवाराने आपले वजन निम्म्यावर आणि पोट पूर्ववत आणावे. तसे केल्यास उत्तीर्ण होण्यास अडचण दिसत नाही.'

सयाजीनं तो तीनदा वाचला. "नाना, साहेबाला कळलं हुतं काय वं?"

"छ्या," केरबा म्हणाला. "त्या भिंगातनं त्याला काय दिसतंय?" आणि त्यानं दुसरा लखोटा फोडला.

'श्री. केरबा जाधव, लाइनमन. बावन्नाव्या वर्षी आपण दाखवलेली चपळाई पाहून समाधान वाटले. सबब आपली नेमणूक पाचगणीच्या डोंगरलाइनवर करण्यात येत आहे. तेथील खांब कड्यावर असून खाली बसून काम करण्यास जागा नाही. ताबडतोब रुजू व्हावे.'

केरबा बराच वेळ त्या कागदाकडं खांबाकडं बघावं तसा बघत राहिला. मग म्हणाला, "कळलं हुतं."

आता खरं सांगावं तर खोट्या सहीवर दोघंही घरी जाणार, आणि न सांगावं तर एक कड्यावर जाणार. दुपारभर विचार करून दोघांनी, एकही खरी गोष्ट न सांगता सगळं पहिल्यासारखं होईल, असा एक अर्ज तयार केला. मजकूर केरबानं घमेल्यावर बसून सांगितला आणि सयाजीनं वळणदार अक्षरात लिहिला. तो सांगलीला रीतसर पोचला आणि आजही तिथं विचाराधीन आहे.

'मेहेरबान साहेबांचे सेवेशी, खाली सही करणार केरबा जाधव व सयाजी नलवडे यांचा विनंतीअर्ज ऐसा जे, केरबा जाधव यांना मिळालेली चपळाई सयाजी नलवडे यांचे नावे वर्ग करण्यात यावी, व सयाजी नलवडे यांना मिळालेले नापास केरबा जाधव यांचे नावे जमा करण्यात यावे. हे नियमात बसत नसल्यास, केरबा जाधव यांचे वय वीस व सयाजी नलवडे यांचे वय बावन्न असे दिनांक मंगळवारपासून धरण्यात यावे, व तसे केरबा जाधव यांचे पत्नीस खात्यामार्फत लेखी कळवण्यात यावे. तेही बसत नसल्यास, पाचगणीचा कडा गुडघ्याइतका कमी करून मिळावा. कारण विचारण्यात येऊ नये, ही नम्र विनंती.'